दुसरा अंगठा

३ मार्च

प्रिय टाचणी,

मायना लिहून अर्धा तास झाला. पुढचं सुचेना म्हणून टेबल पुसलं, पेन बदललं आणि तुझ्या वहिनीला दोनदा चहाचं विचारलं. ती म्हणाली, "बहिणीला पत्र लिहिताय की परीक्षेला बसलाय?" बावीस वर्षांनी लिहितोय, तेव्हा थोडं परीक्षेसारखं होणारच. आपण दोघं जन्मभर कॉम्प्युटरपुढे बसलेली माणसं, आणि एकमेकांशी बोलायला पोस्टमन लागतो. पण आईच्या फोनवर माझा आवाज आला की तू ठेवून देतेस आणि माझे ईमेल उघडत नाहीस, मग दुसरं काय करू? पत्ता आईच्या वहीतून घेतला. तिला न विचारता.

काम किरकोळ आहे. आपल्या 'पाऊल'ची एक जुनी फाइल उघडत नाही.

'पाऊल' म्हणजे आपण दुकानामागच्या खोलीत बसून केलेला तो बुटांचा प्रोग्राम, असं मी तुला समजावून सांगतोय, बघ माझी तऱ्हा. फ्लॉपी बाबांच्या खणात सापडली. ती वाचणारं यंत्र मिळवायला दोन आठवडे गेले. सुरुवात नीट वाचली जाते: लाकडी साच्याची लांबी, चवड्याची रुंदी, टाचेची उंची. मग सगळं थांबतं आणि पडद्यावर तुझंच वाक्य येतं: 'अंगठा? हा कोण? यादीत नाही.' इतक्या वर्षांनी तू माझ्याशी बोललीस ती अशी.

मधे मशिनं बदलली, त्यात 'अंगठा' हा क्लास, म्हणजे ती वस्तू कशी बनते हे सांगणारा प्रोग्रामचा तुकडा, कुठेतरी गहाळ झाला असावा. तर 'अंगठा' या क्लासची माहिती फाइलीत कुठल्या क्रमाने लिहिली जायची, एवढंच कळव. मी अंदाजाने तीन क्रम लावून पाहिले. एकदा टाच घोट्याच्या वर आली.

ते वाक्य वाचलं आणि ती खोली डोळ्यांपुढे उभी राहिली. मी आधी ते सगळं कसं लिहिलं होतं, आठवतं? फाइलीत 'बूट' असेल तर बूट बनव, 'सपाता' असेल तर सपाता बनव, तेही नसेल तर पुढे बघ. दीड पान नुसतं असेल तर आणि नसेल तर. बाबांनी नवा प्रकार काढला की मला तीन ठिकाणी बदल करावा लागे, आणि चौथ्या ठिकाणी मी हमखास विसरे. तू स्टुलावर बसून संत्रं सोलत होतीस. म्हणालीस, "दादा, प्रोग्रामला सगळ्यांची आधीपासून ओळख कशाला हवी? ज्याने त्याने आपलं नाव घेऊन यावं, आणि आपण कसे बनतो तेही घेऊन यावं. प्रोग्राम सुरू झाला की यादीत नाव लिहावं. फाइलीत नाव वाचलं की यादीत शोधायचं आणि त्यालाच सांगायचं, हो तयार."

"आणि यादीत नसलं तर?"

"तर विचारायचं, हा कोण."

मी तुझी टर उडवली. म्हटलं, नाव वाचून वस्तू तयार होते, ही जादू शिकायला कुठल्या गुरूकडे गेली होतीस? पण दोन दिवसांत माझं दीड पान गेलं आणि तुझ्या बारा ओळी आल्या. आणखी तू काय केलंस, तर प्रत्येक ऑब्जेक्टला, म्हणजे तयार झालेल्या प्रत्येक वस्तूला, चालू प्रोग्रामात, केव्हाही 'कोण तू?' असं विचारायची सोय केलीस. बाबांना ते फार आवडलं होतं. ते पडद्यासमोर उभे राहून विचारायचे, "कोण तू?" आणि साचा उत्तर द्यायचा, 'डावा बूट'. बाबा त्याला "बसा" म्हणायचे.

आई ठीक आहे. वहिनीचा गुडघा सोडला तर सगळे ठीक आहोत.

तुझा,
दादा


२१ मार्च

टाचणी,

तुझं कार्ड आलं. दोन वाक्यं: 'फाइल कोणाची? आई कशी आहे ते खरं लिही.' मायना नाही, सही नाही. पण अक्षर तेच, उभं आणि रागावलेलं.

फाइल आईची आहे. आणि आई ठीक नाही.

म्हणजे तब्येत चांगली आहे, जीभ तर अजून धारदार आहे. पण ती चालत नाही. बाबांनी केलेले दोन जोड तिने एवढी वर्षं पुरवले. तळ पाच वेळा बदलून घेतले. दिवाणखान्यात एक, बाहेर जायला एक. गेल्या हिवाळ्यात दुसऱ्या जोडाची कातडी घडीवर फाटली, तिथे आता टाका धरत नाही. मूळचा लाकडी साचा माळ्यावर होता. मी काढायला गेलो तर हातात भुसा आला, वाळवीने पोखरला होता.

डाव्या पायाचं तुला माहीत आहे. लहानपणच्या तापाने तो दीड इंच आखूड राहिला आणि पंजा आत वळला. आता पाय मापायची यंत्रं आली आहेत. पायांच्या डॉक्टरीणबाईंनी पाय काचेवर ठेवून घेतला, पडद्यावर रंगीत चित्र दिसलं, आणि तीन आठवड्यांनी बूट आले. दिसायला देखणे. आई चार पावलं चालली आणि म्हणाली, "छान आहेत, कोणाला तरी देऊन टाक." दुसरे आले, तिसरे आले. तिसऱ्याने करंगळीच्या सांध्यापाशी जखम झाली, ती भरायला महिना गेला. आता ती खिडकीपाशी बसते. सकाळी उठून ती नदीच्या पुलापर्यंत जायची, परत येताना शेजारणीशी भांडून यायची. तेही बंद. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी दोन-तीन महिने अशीच बसली तर पायातली ताकद जाईल, मग बूट कितीही चांगला असो, उपयोग नाही. चाकाच्या खुर्चीचं पत्रक त्यांनी माझ्या हातात ठेवलं. मी ते घडी करून खिशात घातलं, आईला दाखवलं नाही.

तुला फोनवर ती "पुलापर्यंत जाऊन आले" सांगते ना? ते खोटं आहे. मला म्हणाली, "तिला कळवलंस तर बघ." तर मी कळवतोय.

मला तो क्लास हवा आहे, कारण आईच्या पायाचं जे यंत्राला कळत नाही ते त्यात आहे. बाबा डोळे मिटून तिच्या पायावरून अंगठा फिरवायचे. तू पायाशी जमिनीवर वही घेऊन. बाबा म्हणायचे, "इथे दोन कागद कमी. इथे एक कागद जास्त." साच्यावरून दोन कागदांच्या जाडीइतकं लाकूड काढायचं, किंवा कागद डकवून तेवढं वाढवायचं. इंच आणि मिलिमीटर बाबांना कधी जमले नाहीत. मी म्हणालो होतो, हे प्रोग्रामात येणार नाही. तू सहा महिने त्यांच्याजवळ बसून ते आणलंस. अंगठा जिथे जिथे थांबला तिथला एक एक ऑब्जेक्ट. आईच्या फाइलीत असे किती होते, मला आठवत नाही. मला तेव्हाच मोजायला हवे होते.

माझ्या तीन अंदाजांत मी जागा, कागद आणि दिशा, एवढंच धरलं. काहीतरी चौथं होतं, नाही का? एवढं कळव.

दादा


९ एप्रिल

टाचणी,

तुझं उत्तर आलं नाही. येणार नाही हे मला गेल्या पत्राच्या वेळीच कळत होतं, कारण त्यात मी अर्धंच खरं लिहिलं होतं.

परवा आईने मला पकडलं. मी तिच्या शेजारी कॉम्प्युटर घेऊन बसलो होतो आणि पडद्यावर पुन्हा 'हा कोण? यादीत नाही.' तिने विचारलं, कसली यादी? मी समजावून सांगितलं की प्रोग्रामात ज्या ज्या प्रकारच्या वस्तू आहेत त्यांची नावं एका यादीत असतात. फाइलीत फक्त नाव असतं, ते नाव यादीत सापडलं तर ती वस्तू तयार होते, तिच्यात माहिती भरली जाते. नाव सापडलं नाही तर पुढे जाता येत नाही.

"म्हणजे हजेरीपट," आई म्हणाली.

"साधारण तसंच."

"मग हजेरीपटावरून अंगठ्याचं नाव गेलं कसं?"

"मशिनं बदलली तेव्हा..."

"बाकीची नावं आहेत?"

"आहेत."

"सगळी?"

मी कॉम्प्युटर मिटायला लागलो. आई खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "तू काढलंस." विचारलं नाही, सांगितलं. मग म्हणाली, "मला माहीत होतं रे. तिला सांग."

तर सांगतो. क्लास गहाळ झाला नाही, मी तो काढला.

'पाऊल' विकत घ्यायला निघालेल्या त्या बुटांच्या कारखान्याचे इंजिनीअर सोमवारी प्रोग्राम बघायला येणार होते. त्यांच्या मशिनाला डावा आणि उजवा साचा आरशातल्यासारखा सारखा लागायचा. आपला 'अंगठा' मधे आला की एक साचा एका बाजूने कागदभर बारीक, दुसरा फुगीर. मशीन तो नाकारायचं. तुला विचारलं असतं तर तू वाट काढली असतीस. पण तू म्हणाली असतीस की कारखान्याला अंगठा घ्यावा लागेल, नाहीतर 'पाऊल' द्यायचं नाही, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. माझं नाव मोठं होणार होतं. शनिवारी दुपारी, जेवण झाल्यावर, तू बाहेर गेलेली असताना मी तो क्लास निवडला आणि पुसला. यादीतली ती ओळ पुसली. प्रोग्राम पुन्हा बांधला. मला वाटलं होतं शंभर चुका दाखवेल, कुठे कुठे त्याचा वापर असेल. एकही दाखवली नाही. त्याचं नाव दुसरीकडे कुठेच नव्हतं, तुझी रचनाच तशी होती. एखादा प्रकार आला काय, गेला काय, बाकीच्यांना पत्ता लागत नाही. तू ते इतकं नीटस केलं होतंस, म्हणून मला तुझी सहा महिन्यांची मेहनत दोन मिनिटांत पुसता आली.

एवढं करून थांबलो असतो तरी चाललं असतं, जुन्या प्रती होत्या. पण कारखान्याला द्यायला फ्लॉप्या कमी पडल्या. म्हणून मी तुझ्या प्रतींच्या अकरा फ्लॉप्या कोऱ्या करून त्यांच्यावर नवा प्रोग्राम घातला. त्यांवर तुझ्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या. नखाने खरवडून काढल्या. आईच्या फाइलीची फ्लॉपी वाचली, कारण बाबांनी ती आपल्या खणात ठेवली होती.

सोमवारी सकाळी तू इंजिनीअरांसमोर आईची फाइल उघडलीस. मोठ्या अभिमानाने उघडलीस. आणि ते वाक्य आलं. तू पडद्याकडे पाहिलंस, मग बाबांकडे पाहिलंस. माझ्याकडे पाहिलंच नाहीस. मी म्हणालो, "कारखान्याला अंगठे नकोत. बाबांच्या हाताचे लाड आता पुरे." परक्या माणसांसमोर म्हणालो. बाबा कप घेऊन आत गेले. मला वाटलं तू आरडाओरडा करशील, मी त्याचीच तयारी करून बसलो होतो. तू काहीच बोलली नाहीस. शुक्रवारी बॅग भरून निघून गेलीस. बाबा गेले तेव्हा आलीस, एक दिवस राहिलीस, आणि माझ्या हातून पाण्याचा पेलासुद्धा घेतला नाहीस.

एवढ्या वर्षांत मी लोकांना सांगत आलो की तुला बाहेर चांगली नोकरी मिळाली. मी चुकलो, टाचणी. तुझी माफी मागायला मला आईच्या पायाची जखम लागली, याची जास्त लाज वाटते.

दादा


३० एप्रिल

टाचणी,

पाकीट मिळालं. एक कागद, त्यावर नऊ ओळी, आणि खाली: 'वहीवरून उतरवलंय. टाईप करताना अक्कल चालवू नकोस.' चालवली नाही. जशाच्या तशा उतरवल्या.

चौथी गोष्ट तर मला जन्मात सुचली नसती. अंगठा टेकल्यावर आईने पाय किती मागे घेतला! आई तोंडाने कायम "नाही दुखत" म्हणायची, म्हणून तिच्या बोलण्याऐवजी तिच्या पायाची नोंद ठेवायची, हे बाबांनी सांगितलं की तुझं डोकं? मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चोर आहेत दोघं," आणि मग बराच वेळ हसत होती.

'अंगठा' यादीत आला. फाइल उघडली. प्रोग्रामाने नाव वाचलं, यादीत पाहिलं, आणि एकामागून एक अंगठे तयार होऊ लागले. चौदा झाले. मी मोठ्याने मोजत होतो, वहिनी दारात उभी होती. आणि चौदाव्यानंतर पडद्यावर: 'दुसरा अंगठा? हा कोण? यादीत नाही.'

तो 'अंगठा'च्याच पोटात लिहिलेला असणार, आणि मी त्या शनिवारी न वाचता त्याच्यासकट सगळं पुसलं असणार. तुझ्या कागदावर दुसऱ्या अंगठ्याबद्दल अक्षर नव्हतं. तू सांगितलं होतंस तरी मी अक्कल चालवली. म्हटलं, दुसरा अंगठा म्हणजे बाबांचा डावा हात, सरळ आहे. त्या नावाचा क्लास केला, 'अंगठा'वरूनच, फक्त दिशा उलटी केली, आणि यादीत घातला. फाइल शेवटपर्यंत उघडली! साचा तयार झाला! मी साच्याचं लाकूड कापायला लावणार, तेवढ्यात आईला पडद्यावर दाखवलं. तिने चष्मा लावला आणि म्हणाली, "हा कोणाचा पाय?"

मी माझी डाव्या हाताची कल्पना सांगितली. आई म्हणाली, "बाबांनी डावा हात कधी लावला नाही. डाव्या हाताने ते घोटा धरायचे."

"मग दुसरा अंगठा कोणाचा?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी सहावीतला झालो. "अरे, तुझ्या बहिणीचा."

मग तिने सांगितलं. तू जाण्याआधीच्या दोन वर्षांत बाबांचा हात थरथरायला लागला होता. अंगठा जागेवर ठरत नव्हता. आईच्या लक्षात आलं, तुझ्या लक्षात आलं, माझ्या आलं नाही, मी कारखान्याच्या पत्रव्यवहारात होतो. बाबा म्हणाले, थोरल्याला कळलं तर तो मला काम करू देणार नाही. (खरं आहे. मी करू दिलं नसतं.) मग मापाच्या वेळी दार लावून घ्यायचं. बाबांनी घोटा धरायचा आणि तू अंगठा टेकवायचास. बाबा नुसतं "हं" किंवा "अजून खाली" म्हणायचे. सहा महिन्यांनी तेही म्हणेनासे झाले. आईचे ते दोन जोड, ज्यांवर ती एवढी वर्षं पुलापर्यंत गेली, ते बहुतेक तुझ्याच अंगठ्याचे होते.

मी फाइलीतल्या त्या ऑब्जेक्टांना एकेक करून विचारलं, कोण तू? चौदा 'अंगठा'. पुढचे एकतीस 'दुसरा अंगठा'.

आणि मी त्या सोमवारी म्हणालो होतो, बाबांच्या हाताचे लाड पुरे. तू बाबांकडे का पाहिलंस ते मला आत्ता कळतंय. "तो माझा हात आहे, दादा" एवढं म्हणाली असतीस तर मी तिथल्या तिथे गार पडलो असतो. पण ते म्हटलं असतं तर बाबांचा थरथरता हात परक्यांसमोर उघडा पडला असता. म्हणून तू मूग गिळून बसलीस. आणि मी समजत होतो की तुझ्याकडे उत्तर नव्हतं!

मी आज दुपारी दुकानात एकटाच बसलो आणि रडलो. वहिनीने विचारलं, तिला सांगितलं, लाकडाची धूळ गेली.

दुसऱ्या कागदाची वाट पाहतो. पाठवावासा वाटला तरच.

दादा


१८ मे

टाचणी,

दुसरा कागद आला. सहाच ओळी. आता मला दिसतं की तू फारसं बदललं नव्हतंस. तुझा अंगठा बारीक, म्हणून दाब कमी धरायचा, आणि आईने पाय मागे घेतला की जागा थोडी पुढे सरकवायची. बाकी सगळं बाबांच्या क्लासमधून आलेलं, तसंच राखलेलं.

सगळे पंचेचाळीस तयार झाले. आईने पडद्यावर पाहिलं आणि म्हणाली, "हा माझा." मी स्वतः साचा कापला, कानस फिरवली, कातडी ओढून बसवली. बुटाला मी पंधरा वर्षांत हात लावला नव्हता. दोन बोटं सोलली, पण जोड झाला.

आईने घातला. उठली. दिवाणखान्याच्या दारापर्यंत गेली, तिथे चौकट धरली आणि उभी राहिली. मी विचारलं, लागतो का? ती म्हणाली, "नाही." पण परत यायला निघेना. शेवटी मी आणि वहिनीने धरून बसवली. जोड काढला तर करंगळीच्या सांध्याशी लाल झालेलं.

मी वेड्यासारखा परत कॉम्प्युटरपुढे बसलो. सगळे आकडे तपासले. एकही चूक नव्हती. फाइल अगदी बरोबर उघडली होती. आई मागून म्हणाली, "अरे, उठ तिथून. तो पाय माझाच आहे, पण सत्तावन्न वर्षांच्या बाईचा आहे. मी एकोणऐंशीची झाले."

एवढी साधी गोष्ट, आणि माझ्या डोक्यात आली नव्हती. तीन महिने मी एक नाव यादीत परत घालायला धडपडलो. ते घातलं, आणि जे तयार झालं ते होतं तसंच तयार झालं. फाइलीकडून याहून जास्त कोण मागणार? पाय मात्र रोज आईबरोबर राहिला. तो बदलला.

मग मी तिच्या पायाशी बसलो. घोटा धरला. डोळे मिटले. अंगठा टेकवला, बाबा टेकवायचे तसा. आई म्हणाली, "नाही दुखत." मला ते खरंच वाटलं. मला काही म्हणजे काही कळलं नाही, टाचणी. हाड कुठे आणि गाठ कुठे, एवढं कळलं, ते डॉक्टरीणबाईंच्या यंत्रालाही कळतं. आईने माझ्या डोक्यावर थोपटलं आणि म्हणाली, "तू बैस खुर्चीवर. तुझे पाय दुखतील."

ती तुला बोलव असं म्हणत नाही. म्हणणारही नाही. तुम्ही दोघांनी घातलेला घोळ तुम्हीच निस्तरा, असं ती बाबा गेल्यापासून म्हणते आहे. म्हणून मी म्हणतो.

ये. माझ्यासाठी येऊ नकोस, एवढं मागायचा माझा हक्क नाही. माझ्याशी बोलू नकोस, चालेल. मागचं दार उघडं ठेवतो, दुकानातून यावं लागणार नाही. मला तुझा कागद नको आहे आता. आईला तुझा हात हवा आहे, आणि डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या दोन-तीन महिन्यांतले दोन होत आले.

तुझा,
दादा


१४ जून

टाचणी,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. तू भिंतीपलीकडे आहेस. तुला येऊन दहा दिवस झाले आणि आपण आत्तापर्यंत जे बोललो ते असं: "कागद?" "इथे." "कानस?" "खिळ्याला." "बारीक कानस?" "तीच बारीक आहे." वहिनी म्हणते, तुमच्यापेक्षा तुमचा प्रोग्राम जास्त बोलतो.

तोंडाने म्हणायला जमत नाही, म्हणून लिहितोय. पहिल्या दिवशी तू आईचा पाय मांडीवर घेतलास आणि डोळे मिटलेस. मी दारात उभा होतो. मला वाटलं तू दार लावून घेशील. तू लावलं नाहीस. मी तिथेच उभा राहून तासभर बघितलं. एकदा तू न बघता म्हणालीस, "दादा, लिहून घे." मी वही शोधायला धावलो ते स्टूल पाडून. "करंगळीच्या मागे, तीन कागद कमी." मी लिहिलं. अशा अडतीस ओळी मी लिहिल्या. त्या दिवशी मला जो आनंद झाला तसा कारखान्याने 'पाऊल' घेतलं त्या दिवशीसुद्धा झाला नव्हता. हे मला तुला सांगायचं होतं.

दोन्ही नावं यादीत परत आहेत. मी कोणाला विचारून घातली नाहीत. कारखाना गेली आठ वर्षं दुसराच प्रोग्राम वापरतो, तेव्हा 'पाऊल' आता आपलंच आहे, म्हणजे आपण दोघंच ते वापरणार. तू रविवारी परत जाणार असं वहिनीकडून कळलं. राहा असं म्हणत नाही. म्हणावंसं वाटतं.

जोड काल संध्याकाळी झाला. आज सकाळी घालणार होतात. मी मुद्दाम इकडे येऊन बसलो. मागच्या वेळी आईने चौकट धरली ते मला पुन्हा बघवणार नाही.

आतून आवाज येतोय. आईची पावलं, एक जड, एक हलकं. दिवाणखाना संपला. दाराशी थांबली. नाही, थांबली नाही. माझ्या खोलीवरून गेली, आत डोकावलीसुद्धा नाही. पुढचं दार वाजलं.

खिडकीतून दिसताय. आई रस्त्यावर आहे. काठी घेतलेली नाही. तू एक पाऊल मागे, हात मागे बांधून, तिला धरलेलं नाहीस. शेजारीण फाटकाशी आली, आई तिला काहीतरी खरमरीत बोलली असावी, शेजारीण हसतेय. आई पुलाकडे वळली.

तू मागे वळलीस. माझ्या खिडकीकडे बघतेयस. हाताने "चल" म्हणतेयस, कपाळाला आठ्या घालून, लहानपणी घालायचीस तशा.

आलो.